चिकूचे पंजे आणि हमीदभाईंचा खाकी सदरा

नसीमचा फोन आला तेव्हा मी चिकूचा डावा पंजा हातात धरून बसले होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. फोन ओट्यावर थरथरत होता आणि त्यावर नाव दिसत होतं. नसीम म्हणजे हमीदभाईंची मुलगी, इंदापूरला शाळेत शिकवते. तिचा मला फोन यायचा तो फक्त ईदला, आणि ईद तर होऊन गेलेली. मी फोन उचलला नाही, वाजू दिला. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाची फसगत नको. पालीला भिते, सिलिंडर बदलायला भिते, मुलीनं हौसेनं शिकवलेली गाडी चालवायला भिते, अनोळखी नंबरला भिते आणि ओळखीचा नंबर अवेळी आला तर जास्तच भिते. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ह्यांनी उचलला. (‘हे’ म्हणजे आमचे यजमान. सध्या पथ्यावर आहेत, त्याचं कारण शेवटी येईल.) ‘व्हय... व्हय गं पोरी... कधी?’ एवढंच बोलले, आणि त्या ‘कधी’वरूनच मला सगळं कळलं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं, आता चिकूचे पंजे कोण बघणार? माणूस गेलेला, आणि मला कुत्र्याच्या पंजांची पडलेली. मग रडू आलं ते त्या विचाराचंच आधी आलं आणि हमीदभाईंचं मागून.

आम्ही तासाभरात इंदापूरला पोचलो. पुरुषमाणसं बाहेर मंडपाखाली होती, मी आत बायकांत जाऊन बसले. मय्यत उठायच्या आधी नसीम माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र शाळेत हजेरी घ्यावी तसा सरळ. ‘मावशी, काल दुपारी अब्बा तुमच्याकडं आले होते ना? काही म्हणाले का? कुठं दुखतंय, घाबरल्यासारखं होतंय, असं काही?’

मी म्हणाले, ‘नाही गं. काही नाही.’

हे खोटं होतं. त्या खोट्याचं ओझं मी चाळीस दिवस वाहिलं, आणि म्हणून हा लेख नुसता आठवणींचा होणार नाही.

हमीदभाई आमच्याकडे आले ते चिकूमुळे. चिकू हे आमचं कुत्रं, पॉमेरियनच्या वळणाचं, पांढरं, वजनाला चार-साडेचार किलो. मुलगी सायली पुण्यात नोकरीला होती तेव्हा तिनं त्याला आणलं, आणि परदेशी जायची वेळ आली तेव्हा आमच्या पदरात घातलं. ‘आई, जपशील ना गं?’ असं विमानतळावर तीन वेळा विचारून गेली. कन्हेरी रस्त्याला आमचं घर, मागे चार गाईंचा गोठा आणि त्यामागे ऊस. फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला हा स्वर्गच वाटला असावा. सकाळी ह्यांच्या मागे उसाच्या सरीतून लुटुलुटु हिंडायचं आणि पोटापर्यंत चिखल लावून घरी यायचं.

दोन महिन्यांनी त्यानं पंजे चावायला सुरुवात केली. आधी चाटायचा. टीव्ही बंद केला की तो आवाज ऐकू यायचा... चप्, चप्, चप्. मग दातांनी कुरतडायला लागला. पांढरे पंजे विटकरी रंगाचे झाले, बोटांमधली कातडी लाल, काखेत खाजवून खाजवून केस गेलेले. मी ओरडले की थांबायचा, माझ्याकडे केविलवाणं बघायचा आणि पुन्हा सुरू. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, ‘स्वतःलाच खातंय की गं ते! पिसाळलं तर न्हाय?’ झालं. त्याला लस दिलेली होती, कागद सायलीनं फाईलमध्ये लावून दिले होते, तरी मी दिवसातून चारदा त्याच्या पुढ्यात पाण्याचा वाडगा ठेवून तो पाणी पितो का ते बघत बसायची. तो प्यायचा. मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

उपाय सांगणारे तर रांगेनं होते. कुणी म्हणालं, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लाव. कुणी हळद आणि तेल, कुणी माणसाच्या खरजेचं मलम. मी हळदतेल लावलं, चिकूनं ते चाटून फस्त केलं आणि सायलीनं घेऊन दिलेलं सोफ्याचं कव्हर पिवळं केलं. मग एका शुक्रवारी दुपारी मी गोठ्यातल्या फळीवरची बाटली काढली.

ती बाटली म्हणजे गाईंच्या गोचिडांचं औषध. आमच्या भागात ज्याच्या दारात दोन गाई आहेत, त्याच्या फळीवर ती असतेच. बादलीभर पाण्यात टोपणभर टाकायचं आणि गाईच्या अंगाला चोळायचं, हे मी वीस वर्षं बघत आलेय. माझा हिशोब असा, की गाय एवढी मोठी म्हणून बादलीभर पाणी, चिकू एवढासा, तर याला बादली कशाला? कापसाच्या बोळ्यावर नुसते चार थेंब घेतले, पाणी न घालता, आणि चारही पंजांना बोटांच्या मधे मधे लावले. लहान जीव म्हणून थोडंच लावलं, असं समाधानही मानलं. आणि जे कुत्रं दिवसभर पंजे चाटतं, ते हेही चाटणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

तासाभरात त्याच्या तोंडाला फेस आला. लाळ थांबेना. मग कातडी जागोजागी उडायला लागली, मागचे पाय थरथरायला लागले आणि उठायला गेला तर आडवा झाला. डोळे उघडे, माझ्याकडेच. मी पडवीत उभी राहून नुसती ‘अहो... अहो...’ करत होते. हे गोठ्यातून धावत आले, त्यांनी बघितलं आणि हमीदभाईंना फोन लावला.

हमीदभाई पशुवैद्यकीय दवाखान्यात ड्रेसर होते. मलमपट्टी करायची, जनावर धरायचं, डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं. निवृत्त होऊन बारामतीत राहत होते. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे तेव्हा ते लगेच हात जोडून सांगायचे, ‘डॉक्टर न्हाय हो, पट्टीवाला हाय मी.’ आमच्या गाई अडल्या की हे त्यांनाच आधी विचारायचे. मी त्यांना तोवर लांबूनच पाहिलेलं. पंधरा मिनिटांत त्यांची स्कूटर दारात आली. उतरले ते पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात, डोक्यावर टोपी, अंगाला अत्तराचा वास.

त्यांनी वाकून चिकूकडे बघितलं आणि मला विचारलं, ‘ताई, काय लावलंय ह्याला?’

‘काही नाही,’ मी म्हणाले.

का म्हणाले? ह्यांची भीती, सायलीची भीती, बावळट ठरायची भीती. एवढ्याशा क्षणात माणूस किती गोष्टींना भिऊ शकतं! हमीदभाई उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. माझ्याकडे मान वर करून त्यांनी पुन्हा विचारलं, ‘ताई, आता खरं सांगा. रागवायला नंतर येळ हाय, ह्याच्याकडं न्हाय.’

मी गोठ्याच्या फळीकडे बोट दाखवलं.

हमीदभाईंनी ओट्यावरच्या प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या हातांत चढवल्या, घमेलं मागवलं, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. पंजे धुतले, पाणी ओतलं, पुन्हा धुतले, बोटं फाकवून फाकवून. मी विचारलं, ‘दूध पाजू का? विष उतरेल.’ ‘तोंडातनं काय बी घालू नगा. घशात अडकलं तर तेवढ्यानंच जाईल,’ ते म्हणाले. ह्यांना बाटली बरोबर घ्यायला लावली, डॉक्टरांना दाखवायला. मग थरथरणारा चिकू टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि गाडीत बसले. कन्हेरीपासून बारामतीपर्यंतचा तो रस्ता मी हजार वेळा गेले असेन, इतका लांब कधीच वाटला नव्हता. चिकूच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती सगळी हमीदभाईंच्या कुर्त्यात मुरत होती. मी मागे बसून मनातल्या मनात सायलीला फोनवर काय सांगायचं ते जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य ‘अगं, चिकू...’ यापुढे जात नव्हतं.

डॉक्टरांनी बाटली बघितली, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत थरथर उतरली. ‘आधी धुतलं म्हणून वाचलं,’ डॉक्टर म्हणाले. मी हमीदभाईंचे आभार मानायला वळले तर ते दवाखान्याच्या बाहेर नळावर हात आणि कुर्ता घासत उभे होते. तेव्हा हे माझ्या कानाशी म्हणाले, ‘आज शुक्रवार. जुम्म्याची नमाज चुकली त्यांची.’ कुत्र्याची लाळ अंगाला लागली की ते कपडे नमाजाला चालत नाहीत, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी पुढे होऊन माफी मागितली, तर म्हणाले, ‘असू द्या ताई. मुकं जनावर वाचलं, त्याचा बी सवाब, पुण्य हायच की.’

पुढच्या सोमवारी ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या पिशवीत नोकरीतला जुना खाकी सदरा होता. पडवीत गाडीच्या किल्लीचा खिळा आहे, त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःच आणखी एक खिळा ठोकला. आले की अंगातला सदरा काढून पिशवीत ठेवायचा, खाकी चढवायचा, चिकूला बघायचं. काम झालं की खाकी सदरा आमच्या नळावर धुवायचा, पिळून खिळ्याला लावायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि स्वच्छ कपड्यांत असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला जायचं. दीड वर्षं, दर सोमवारी. मी कितीदा म्हटलं, ‘ठेवा हो, मी धुवीन.’ ‘न्हाय न्हाय, ज्याचा त्यानं धुवावा,’ असं म्हणून ते नळाकडे चालू लागायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी चिकूला हातही लावला नाही. आधी घर बघितलं. उंबऱ्याशी वाकले, फरशीचा वास घेतला आणि विचारलं, ‘फिनेल टाकता व्हय पुसायला?’ टाकत होते, आणि चांगलं भरपूर टाकत होते. ‘ह्यो दिवसभर ह्याच्यावरनं अनवाणी फिरतो, अन मग पाय चाटतो,’ ते म्हणाले. फिनेल त्या दिवसापासून बंद झालं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक बोट फाकवून पाहिलं आणि उजव्या पंजातून बारीकसं कुसळ काढलं. बांधावरच्या गवताचं, शिवणाच्या सुईच्या टोकाएवढं. ‘हे बघा. आतल्या आत चालतंय हे. तुमच्या पायात काटा असता तर तुमी बी चावला असता.’ मग खाण्याची चौकशी झाली. हे गुपचूप त्याला रोज चिकनचे तुकडे आणि चहातलं बिस्कीट देत होते, ते त्या दिवशी उघडकीला आलं. हमीदभाईंनी सगळं एकदम बंद करायला लावलं नाही. ‘सगळं एकदम बंद केलं तर गुन्हेगार कसा घावंल? एकेक सोडा,’ म्हणाले.

त्यासाठी मी एक युक्ती काढली. चिकूनं ज्या दिवशी पंजे चावले त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक टिकली लावायची, फार चावले तर दोन. हमीदभाईंना ते इतकं आवडलं, की आले की पादत्राणं काढायच्या आधी कॅलेंडर बघायचे. चिकन सोडून दोन महिने झाल्यावर टिकल्या विरळ झाल्या. उसाला पाणी सोडलं की पुन्हा दाट व्हायच्या, कारण ओल्या सरीतून फिरून आला की बोटांच्या बेचक्यात ओल राहायची. मग नियम झाला, बाहेरून आला की घमेल्यात साध्या पाण्यानं चारही पंजे धुवायचे आणि बोटांच्या मधे टॉवेल घालून कोरडे ठाक करायचे. पिसवांचं औषध डॉक्टरांनी दिलेलं, कुत्र्यांचं, त्याच्या वजनाचं, महिन्याच्या महिन्याला. खाज फारच वाढली की हमीदभाई आम्हाला डॉक्टरांकडेच धाडायचे, ‘गोळी द्यायचं काम माझं न्हाय.’ एकदा जखम भरेपर्यंत चिकूच्या गळ्यात कॉलर हवी होती, तर त्यांनी कपाटावरचा ह्यांच्या गुडघ्याचा जुना एक्सरे मागून घेतला, कापला आणि त्याची छत्रीसारखी कॉलर केली. आठवडाभर आमचा कुत्रा ह्यांचा गुडघा गळ्यात घालून घरभर फिरला. हमीदभाई आणि हे दोघंही हसून हसून खोकले होते.

पण मला त्यांची खूण पटली ती वेगळ्याच गोष्टीवरून. चिकूचा पंजा धरण्याआधी ते दर वेळी हाताची मूठ गच्च आवळायचे, एक श्वास घ्यायचे आणि मग मूठ उघडायचे. मला वाटायचं सांधे धरले असतील. एकदा मी विचारलं, ‘हात दुखतो का?’ ‘काय न्हाय,’ म्हणाले. मी गंमत म्हणून त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, ‘हमीदभाई, आता खरं सांगा.’

ते पंजा पुसत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, ‘भ्या वाटतं ताई.’

‘कशाचं?’

‘ह्याचंच. कुत्र्याचं.’

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते तिथंच विरलं. डाळजला त्यांचं लहानपण गेलं. ते नऊ वर्षांचे, धाकटा भाऊ रफिक सहाचा. एका कुत्र्यानं हमीदभाईंच्या पोटरीला धरलं. त्या वेळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ते दवाखान्यात आडवे पडून किंचाळायचे आणि रफिक दाराशी उभा राहून ते ऐकायचा. त्या कुत्र्याचा दात रफिकच्याही टाचेला लागला होता, बारीकसा. पोरानं ते कुणाला सांगितलं नाही. ‘अम्मीनं इचारलं त्याला, तुला बी चावलं का रं? त्यो म्हणाला न्हाय. पायजमा खाली वढला अन गेला खेळायला. माझंच वरडणं ऐकून भ्याला हुता त्यो.’ महिन्याभरानं रफिक पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चिकू आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत होता.

‘तवापास्नं कुत्रं जवळ आलं की छातीत धडधडतं. सगळी नोकरी गाई-म्हशीत काढली, बैलाचं शिंग धरलं, पर कुत्रं आलं की दुसऱ्याला म्होरं करायचो. निवृत्त झाल्यावर वाटलं, मरायच्या आधी तरी ह्येला तोंड देऊ. पर भ्या गेलं न्हाय. आजबी हाय.’ मग म्हणाले, ‘अम्मी हयातभर एकच बोलायची. मी एकदाच इचारलं रे, दोनदा इचारायला पायजे हुतं...’

ते मला म्हणजे अगदी आरपार लागलं. मी भित्री म्हणून आयुष्यभर थट्टा सोसली, स्वतःही करून घेतली. आणि हा माणूस दर सोमवारी मूठ आवळून माझ्या पडवीत त्याच भीतीपुढे बसत होता, माझ्या कुत्र्याची बोटं पुसत. त्या दिवसानंतर मी पंजे तपासायला शिकले. आधी ते धरायचे आणि मी बघायची. मग मी धरू लागले आणि ते शेजारच्या स्टुलावर बसून सांगू लागले.

आता त्या शेवटच्या सोमवारचं.

ऊन फार होतं. नेहमीच्या वेळेला आले, खाकी सदरा चढवला आणि स्टुलावर बसले ते जरा धपकन. डाव्या खांद्याजवळ हात चोळत होते. कपाळावर घाम, उन्हाचा असावा तसाच, पण पंखा लावल्यावरही तो वाळेना. चिकूनं पंजा पुढे केला, त्यांनी धरला आणि नुसताच धरून ठेवला, बघितला नाही. मी विचारलं, ‘हमीदभाई, बरं वाटत नाहीये का?’

‘काय न्हाय ताई. पित्त झालंय जरा.’

दुसरा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. ‘आता खरं सांगा’ हे तीन शब्द ओठांवर होते, हे मी शपथेवर सांगते. पण मनात आलं, समजा ते म्हणाले की छातीत दुखतंय, मग? हे नेमके लोणी देवकरला कामाला गेलेले, घरात मी एकटी. गाडी कोण काढणार, कुठं न्यायचं, वाटेत काही झालं तर? त्या ‘तर’च्या भीतीनं मी प्रश्न गिळला आणि विचारलं, ‘चहा घेता?’

‘नगं. नसीमकडं जायचंय, यष्टी चुकंल,’ म्हणाले आणि उठले. त्यांनी सदरा काढला आणि खिळ्याला लावला. धुतला नाही. दीड वर्षांत पहिल्यांदा न धुता लावला. मी ते बघितलं. बघून मला कळलं, की काहीतरी बिनसलंय. तरी मी फाटकापर्यंत गेले आणि ‘सांभाळून जा’ म्हणाले. संध्याकाळी ते एसटीनं इंदापूरला लेकीकडे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या नमाजाला वजू करून, हातपाय-तोंड धुऊन बसले, ते बसल्या जागीच कलंडले.

म्हणून नसीमच्या प्रश्नाला माझं ते ‘काही नाही’. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. फोन वाजला की वाटायचं नसीमच असणार, तिला कळलं असणार. पडवीत जायचं मी टाळू लागले, कारण तिथं तो सदरा होता. पडवी टाळली म्हणजे घमेलं टाळलं आणि घमेलं टाळलं म्हणजे चिकूचे पंजे. तीन आठवड्यांनी कॅलेंडरवर पुन्हा टिकल्या दिसू लागल्या, मग दोन-दोन. एका दुपारी तो आवाज पुन्हा सुरू झाला... चप्, चप्, चप्... आणि बघते तर बोटांमध्ये रक्त.

तेव्हा मात्र उठले. घमेलं भरलं, टॉवेल घेतला. चिकू पंजा द्यायचं सोडून खिळ्याखाली जाऊन बसला आणि वर बघायला लागला. सदऱ्याचा वास येत असणार त्याला, त्याचेच पांढरे केस चिकटलेला तो न धुतलेला सदरा. तो दिसू नये म्हणून मी काढून आत ठेवायला गेले, तर खिशात काहीतरी कुरकुरलं. पित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती. दहातली एकच उरलेली.

म्हणजे ते दुखणं त्या एका दुपारचं नव्हतं. माझ्या पडवीत बसून, मला कुसळ कसं काढायचं ते सांगता सांगता, ते कधीपासून त्या गोळ्या खात होते. मी ती पट्टी हातात घेऊन घमेल्याजवळ बसून राहिले आणि चिकूनं त्या गार झालेल्या पाण्यात आपणहून पाय बुडवला.

चाळिसाव्याला आम्ही इंदापूरला गेलो. मी सदरा पिशवीत घालून नेला, खिशात पट्टी तशीच. वाटेत मला दोनदा वाटलं, ह्यांना म्हणावं गाडी वळवा. जेवणं उरकल्यावर नसीमला आतल्या खोलीत गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खांदा, घाम, न धुतलेला सदरा, माझ्या तोंडातून न निघालेला प्रश्न. ती आता काय बोलेल... घराबाहेर काढेल, की सगळ्या बायकांसमोर विचारेल, की माझ्या अब्बांना तुम्ही असंच जाऊ दिलंत?

तिनं पट्टी घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाली, ‘त्या रात्री मलाही म्हणाले, पित्त झालंय. मी लिंबूसोडा दिला आणि पेपर तपासत बसले. मी पण एकदाच विचारलं मावशी...’ मग आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसून जे रडायचं ते रडलो.

डोळे पुसताना तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. ‘त्यात काय आहे?’ मी सदरा काढला. ती एकदम मागे सरकली आणि रडता रडता हसायलाच लागली. ‘हा घरात आणलात? कुत्र्याचा सदरा? अब्बा असते तर सगळं घर धुवायला लावलं असतं! नको, नको मावशी. ह्याची जागा तुमच्याकडंच. तिथंच असू द्या.’ मग दाराशी आल्यावर हळूच म्हणाली, ‘धुऊन लावा मात्र. न धुता ते ठेवत नसत.’

घरी आल्यावर मी सदरा नळाखाली धुतला. चिकूचे केस शिवणीतून निघता निघत नव्हते. पिळला, झटकला आणि खिळ्याला लावला. त्या दिवसापासून घमेलं पुन्हा रोज निघू लागलं. चिकू सदऱ्याखाली बसतो आणि आधी डावा पंजा पुढे करतो. कॅलेंडरवर या महिन्यात चारच टिकल्या आहेत. कुत्र्याची खाज मुळासकट जात नसते, ती सांभाळायची असते, हे हमीदभाईंनीच सांगून ठेवलंय.

बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. दुपारी मी चिकूची बोटं पुसत होते आणि हे गोठ्यातून आले. पडवीच्या तीन पायऱ्या आहेत, त्यातल्या दुसरीवर थांबले, कठड्याला धरून. चेहरा मातकट झालेला. मी विचारलं, ‘काय होतंय?’

‘काय न्हाय. ऊन लागलं.’

घरात दुसरं कुणी नव्हतं, दुपार तशीच, ऊनही तसंच. मी टॉवेल खाली ठेवला, मूठ आवळली, उघडली आणि पुन्हा विचारलं, ‘अहो, आता खरं सांगा.’

हे दोन पावलं चालून हमीदभाईंच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘चार दिस झालं. चाललं की छाती दाबल्यागत होतंय.’

मी उठले. गाडीची किल्ली सदऱ्याच्या शेजारच्या खिळ्याला होती. किल्ली काढताना आधाराला सदऱ्याची बाही धरली. मग ह्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं आणि गाडी मी चालवली.